तीन ताऱ्यांची चौकशी

ओवीसाठी नर्सरी शोधायला गेले आणि एका अनोळखी मुलाचा नकार घेऊन परत आले.

ओवी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. तिच्या प्रवेशाचं काय झालं ते सांगतेच, पण आमच्या घरात हा किस्सा सांगताना सगळे माझ्या नकारापासूनच सुरुवात करतात. म्हणून मीही तिथूनच केली. निदान एकदा तरी तो माझ्या तोंडून बाहेर पडू दे.

त्या वेळी घरातली परिस्थिती अशी होती. स्नेहलवहिनीची ताणून ताणून वाढवलेली रजा संपत आली होती. बेलापूरच्या तिच्या ऑफिसने अतिशय गोड शब्दांत कळवलं होतं, की एक तारखेला तुमच्या खुर्चीत तुम्ही नसलात तर दुसरं कुणीतरी असेल. दादा उरणला कंटेनर यार्डात, शिफ्टमध्ये. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो आणि जागा असतो तेव्हा घरी नसतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. उरले मी. मी घरून काम करते. व्हिडिओंना सबटायटल्स लिहिते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढते. (स्वतः न बोलता पगार मिळेल असं हे एकच काम मला सापडलं.) ओवीला मी एक आठवडा सांभाळून पाहिलं. त्या आठवड्यात एका माहितीपटातला सिंह गर्जना करताना खाली "आतू, मला शू आली" असं उमटलं. क्लायंटने फोन केला. तेव्हा नर्सरी हवीच, यावर घरात एकमत झालं.

अडचण ओवीची होती. ओवी घरात अखंड बोलते आणि बाहेरच्या माणसासमोर दगडासारखी गप्प. कुणी नुसतं "काय गं, नाव काय तुझं?" म्हटलं तरी ती माझी ओढणी मुठीत धरते आणि तोंड तिच्यात खुपसते. बिल्डिंगमधल्या बायका हसून म्हणतात, "ही अगदी आतूवर गेली हो."

मीही हसते. पण वर्गात उत्तर येत असताना हात खाली ठेवून बसणं कसं असतं ते मला माहीत आहे, आणि ते ओवीच्या वाट्याला यावं असं मला अजिबात वाटत नव्हतं.

वहिनी मूळची साताऱ्याची, आणि ऑफिसात ऑडिटचं काम करते. ज्यावर शिक्का नाही ती वस्तू तिच्या लेखी अस्तित्वातच नसते. तिला कुठूनसं कळलं, की एक संस्था शहरातल्या नर्सऱ्यांची तपासणी करून त्यांना तारे देते. एकापासून पाचापर्यंत. झालं. वहिनीने ताऱ्यांची उतरंड लावली आणि आम्ही वाशीच्या एका पाच तारेवाल्या नर्सरीत गेलो. मला मुद्दाम बरोबर घेतलं होतं.

"तू बोल मॅडमशी," वहिनी म्हणाली. "तू इंग्लिश मिडियमची आहेस."

आमच्या घरात हा एक पक्का गैरसमज आहे. बँक असो, विमा असो, लिफ्टच्या कंपनीचा माणूस असो, "निधीला पुढे करा, ती इंग्लिश मिडियमची." माझं अख्खं शिक्षण इंग्लिश मिडियममध्ये झालं हे खरं. पण तिथेही मी गप्पच बसायचे. बाकीची मुलं मराठीत गप्प बसत असतील, मी इंग्लिशमध्ये बसले, एवढाच फरक.

पाच तारे खरोखरच पाच ताऱ्यांसारखे होते. भिंतींना इंद्रधनुष्याचे रंग, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे, जमीन इतकी स्वच्छ की चपला काढल्यावर माझ्या पायांचीच मला लाज वाटली. दार उघडलं आणि चार टीचर टाळ्या वाजवत, स्वागताचं गाणं म्हणत ओवीच्या अंगावर चालून आल्या. एकीच्या हातात बोलणारा हत्ती होता. ओवी किंचाळली. त्या पुन्हा पहिल्या ओळीपासून गायला लागल्या. ओवी माझ्या ओढणीतून माझ्या कुर्त्यात शिरायचा प्रयत्न करायला लागली. खरं सांगायचं तर मलाही ओवीच्या मागे लपावंसं वाटत होतं, पण ती फारच लहान पडली असती.

शेवटी तिथल्या मुख्य मॅडम म्हणाल्या, "तिची सोशल तयारी थोडी कमी आहे. पण आम्ही करून घेऊ. सोमवारपर्यंत सीट ठेवते."

रिक्षात ओवी हुंदके देत झोपली. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "रडतात गं सगळीच मुलं. पाच तारे उगाच देत नाहीत कुणी." मला काहीतरी म्हणायचं होतं. पण ते काय ते ठरेपर्यंत ती आंघोळीला गेली.

संध्याकाळी हिराआत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. राहते गावठाणातच, आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये. घणसोलीतली निम्मी लग्नं तिने जमवलीत, आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल "मला इचारलं असतं तर" एवढंच ती म्हणते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तारं कोनी दिलं?" तिने वहिनीला विचारलं.

"संस्थेचे लोक येऊन तपासणी करतात, आत्या. सगळं बघतात."

"सांगून येतात का न सांगता?"

"तारीख देऊन येतात."

"मंग त्याला तपासनी कनाला बोलतंस? त्याला पावनं बोल. पावनं येनार कललं का मी पन घरातला पसारा पलंगाखाली ढकलतंय."

"मग काय करायचं, तुम्हीच सांगा की."

"चौकशी," आत्या म्हणाली. "आमी पोरी दिल्या त्या तारं बघून नाय दिल्या. चौकशी करून दिल्या. आन एक पन परत आली नाय."

आत्याच्या चौकशीचे दोन नियम आहेत. पहिला, त्या दारात आधी जायचं नाही. आधी आजूबाजूला विचारायचं. दुसरा आणि महत्त्वाचा, आपण कशासाठी विचारतोय ते सांगायचं नाही. कारण सांगितलं की माणसं एक तर गोड बोलतात, नाही तर दात धरतात.

कोपरखैरण्याला, रो-हाऊसच्या एका गल्लीत, माधुरी मॅडम नावाच्या बाई घराच्या तळमजल्यावर नर्सरी चालवतात असं आत्याला कुणीतरी सांगितलं होतं. वहिनीने ताबडतोब मोबाइलवर तपासलं. तीन तारे. तिचं तोंड असं झालं, जणू तिला शिळी भाजी वाढली होती. पण आत्या सोफ्यावर मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "चौकशी केल्याबिगर पोरीला कुठंच टाकायचा नाय." शनिवारी सकाळी ती निघाली. वहिनी ऑफिसच्या कागदांत अडकलेली. म्हणून बरोबर मी.

(इथे जरा डोळ्यांसमोर आणा. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात पिशवी अशी पोक्त बाई. तिच्या मागे दोन पावलांवर, मान खाली घातलेली, लग्नाच्या वयाची मुलगी. माझ्या डोळ्यांसमोर हे तेव्हा आलं नाही, कारण मी त्या चित्राच्या आत होते.)

पहिला किराणावाला. आत्याने पावशेर गूळ घेतला आणि समोरच्या घराकडे हनुवटी उडवली. "मानसं कशी हायत?"

"चांगली आहेत. का?"

"असंच. घरात कोन कोन असतंय? भांडनतंटा? कर्जबिर्ज?"

किराणावाल्याने आत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "नाही हो. सरळ घर आहे. सासू, मोठा मुलगा, सून आणि धाकटा. एकालाही सुपारीचं व्यसन नाही."

दुसरा इस्त्रीवाला. त्याने कुणी न विचारता सांगितलं, "धाकट्याचे शर्ट सगळे साधे. भडक काही नाही." आत्या मान डोलावून पुढे निघाली. तिला ती जास्तीची माहिती वाटली. चौकशीत अशी बरीच निघते.

तिसरा गिरणीवाला. तो पिठाने पांढरा झालेला, पण उत्साहाने भरलेला. आत्याने "घर कसा हाय?" एवढंच विचारलं, आणि त्याने धाकट्याचं शिक्षण, नोकरी, पगार, स्वभाव, उंची असं सगळं दळून दिलं. मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "काळजी करू नका ताई. फार शांत मुलगा आहे."

तिथे मला उमगलं.

तुम्ही विचाराल, मग बोलली का नाहीस? मी विचार केला होता. आपण माझ्यासाठी स्थळ बघायला आलोय असं हे सगळे लोक समजतायत, हे आत्याला सांगायला हवं होतं. पण आत्याच्या डोक्यात त्या क्षणी फक्त ओवी होती. माझ्या लग्नाचा विषय गेले चार महिने तिच्या डोक्यातून निसटला होता, आणि त्या चार महिन्यांइतकी मी आयुष्यात कधी सुखी नव्हते. मी तोंड उघडलं असतं तर तिला तो आठवला असता. मी तोंड मिटून घेतलं. गैरसमज काय, गिरणीच्या पिठासारखा आपोआप खाली बसेल, असं मला वाटलं.

तो खाली बसला नाही. आम्ही रिक्षात बसायच्या आत तो रस्ता ओलांडून समोरच्या घरात गेला.

घरी येऊन आत्याने निकाल दिला. "घर सोन्यासारखा हाय." ताऱ्यांच्या बाबतीत वहिनीचं त्याने समाधान झालं नव्हतं, पण सोमवार जवळ आला होता आणि पाच ताऱ्यांचं नाव काढलं की ओवी ओठ काढत होती. तिने नर्सरीच्या नंबरवर फोन लावला. तो माधुरी मॅडमच्या सासूबाईंनी उचलला. मी शेजारीच बसले होते.

"नमस्कार. काल... नाही, आज सकाळी आमच्या आत्या येऊन तुमची चौकशी करून गेल्या," वहिनी म्हणाली. ती प्रामाणिक आहे. ऑडिटवाली माणसं असतात. "सगळं पटलंय आम्हाला. आता प्रत्यक्ष येऊन बघावं म्हणतोय."

पलीकडून आनंदाने काहीतरी बोलणं झालं. वहिनी फोन ठेवून म्हणाली, "किती चांगल्या आहेत गं. उद्या रविवार असून बोलावलंय. म्हणाल्या, सगळे घरी असतील. नाश्त्यालाच या."

"वहिनी," मी म्हणाले.

"काय गं?"

"काही नाही."

रविवारी आम्ही गेलो. वहिनी, आत्या, ओवी आणि मी. फाटकाशी रांगोळी होती. वहिनी माझ्या कानात म्हणाली, "बघ, सुट्टीच्या दिवशीसुद्धा केवढं केलंय. तीन तारे कसे मिळाले यांना?" आत नर्सरीच्या खोलीतच आमची बैठक मांडली होती, कारण तळमजल्यावर दुसरी जागा नव्हती. खुर्च्या अर्थातच नर्सरीच्या. लाल, पिवळ्या, गुडघ्याएवढ्या. आम्ही सगळे त्यात बसलो आणि सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागले. आत्या बसली तेव्हा खुर्चीने एक बारीकसा आवाज केला. ती खाली गेली आणि तिथेच घट्ट बसली.

समोर सासूबाई. काठापदराची साडी. त्यांच्या शेजारी एक चष्मेवाला मुलगा, कडक इस्त्रीच्या साध्या शर्टात. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा जमिनीकडे बघत होता. हा धाकटा, निखिल. आतून फोडणीचा वास आला. पोहे होते.

ओवीने माझी ओढणी धरली होती, आणि मी ओवीचा फ्रॉक.

वहिनीने पर्समधून प्रश्नांची यादी आणि पेन काढलं. "मी आधी सुरक्षिततेचं विचारून घेते. राग मानू नका."

"विचारा ना," सासूबाई म्हणाल्या. "हल्ली सगळं विचारूनच घ्यावं."

"आग विझवायचं सिलिंडर आहे?"

सासूबाई थबकल्या. "आहे. जिन्याखाली."

"ओरडणं, मारणं, खोलीत कोंडून ठेवणं असं काही?"

सासूबाईंच्या हातातली पोह्याची बशी हवेतच राहिली. "आमच्या घराण्यात असं कधीही झालेलं नाही."

"छान. लेखी द्याल?"

निखिलने पहिल्यांदा मान वर केली.

"आणि बाथरूमला एकटं पाठवता, की सोबत कुणी जातं?"

निखिल कानापर्यंत लाल झाला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि फार जपून म्हणाल्या, "तो... एकटाच जातो."

"लहान वयात स्वावलंबन. उत्तम," म्हणून वहिनीने बरोबरची खूण केली.

एवढ्यात माधुरी मॅडम चहाचा ट्रे घेऊन आल्या. ट्रे ठेवून त्या आमच्यात बसल्या नाहीत. ओवीकडे त्यांनी एकदाच, ओझरतं पाहिलं. मग कोपऱ्यातली वाळूची परात ओढली, तिच्यात तांब्याने थोडं पाणी घातलं आणि आमच्याकडे पाठ करून, स्वतःशीच, वाटीने वाळूचे गोळे पाडायला लागल्या. ओवीला हाक मारली नाही. नावही विचारलं नाही.

आमच्या बाजूला परिस्थिती बिघडत चालली होती. सासूबाईंनी विषय बदलला. "आणि तू गं बाळ? काही बोलत नाहीस?"

"इंग्लिश मिडियमची हाय," आत्याने खुलासा केला.

"बरं, मोठ्यांसमोर मुलांना अवघडल्यासारखं होतं," सासूबाई समजूतदारपणे म्हणाल्या. "तुम्ही दोघं हवं तर गच्चीवर जाऊन बोला."

"गच्ची?" वहिनीचं पेन वर आलं. "कठडा केवढा आहे?"

निखिल उठून उभा राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते. आता मी उठले असते तर गच्चीवर गेले असते, आणि गच्चीवरून परत आले असते तर बहुतेक साखरपुड्यालाच. मी तोंड उघडलं.

"आम्ही ओवीला नर्सरीत घालायला आलोय."

आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. वहिनी म्हणाली, "हो मग, कशाला आलोय?" आणि मग तिने रांगोळी, काठापदर, पोहे, इस्त्री असं क्रमाने पाहिलं, आणि तिच्या हातातलं पेन खाली पडलं.

"म्हणजे ते चौकशी करून गेलात..." सासूबाई.

"नर्सरीचीच केली," आत्या.

"मग कर्जाचं कशाला विचारलंत?"

"शाला मधीच बंद परली म्हंजे पोरीला कुठं न्यायची?"

"आणि निखिलचा पगार?"

"त्यो गिरनीवाल्यानी आपनहून सांगितला. मी इचारला नाय." मग आत्याने निखिलकडे नव्याने, धंद्याच्या नजरेने पाहिलं. "पन आता विषय निघालाच हाय तं, पोरगा बरा हाय."

"आत्या," मी म्हणाले.

निखिलने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागदी पंखा हलला. "हुश्श. बरं झालं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून घाईने, "म्हणजे, तसं नाही."

आत्या उठायला गेली. खुर्ची तिच्याबरोबर उठली. निखिलने मागून खुर्ची धरली, वहिनीने पुढून आत्याला धरलं, आणि दोघांनी ओढाताण करून त्यांना वेगळं केलं. कुणी हसलं नाही, कारण सासूबाईंचा चेहरा उतरला होता.

"आमचं घर तुम्ही गल्लीत चर्चेला घातलंत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळपासून चार जणी विचारून गेल्या, जमलं का म्हणून. आता काय सांगू? मुलीकडच्यांनी बघितलं आणि उठून गेले? प्रवेशाचं राहू दे आता. तुम्ही दुसरीकडे बघा."

वहिनीने मुकाट्याने पर्स उचलली. तिच्या चेहऱ्यावर मला सोमवार दिसत होता, चार टीचर दिसत होत्या, बोलणारा हत्ती दिसत होता. मी ओढणी सावरायला हात मागे नेला. ओढणी मोकळी होती.

ओवी परातीजवळ होती. कोपरापर्यंत वाळूत. कधी गेली, कुणालाच कळलं नव्हतं. माधुरी मॅडम अजूनही तिच्याकडे बघत नव्हत्या. आणि मग ओवी, बाहेरच्या माणसाशी एक शब्द न बोलणारी आमची ओवी, मॅडमना म्हणाली, "असं नाही. आधी खड्डा करायचा असतो."

"हो का?" मॅडम म्हणाल्या. "मला दाखव."

मी दारापर्यंत गेलेली परत आले आणि मॅडमच्या समोर उभी राहिले. "तुमचे दोन तारे कशामुळे गेले?"

वहिनीने डोळे मोठे केले. पण मॅडमना राग आला नाही. "एक फाटकाच्या कडीमुळे. खाली आहे, मुलांचा हात पोचतो. त्यांचं बरोबर आहे. आज करू, उद्या करू म्हणत राहिलंय आमच्याकडून."

"आजच करा," वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"आणि दुसरा?"

"स्वागताचा. नवीन मूल आलं की सगळ्यांनी दारात गाणं म्हणून, टाळ्या वाजवून त्याला आत घ्यायचं, असं त्यांच्या तपासणीत आहे. मी नाही करत. काही मुलांना आवडतं ते. काही मुलं आतल्या आत मिटतात. ती कोणती, हे पहिल्या दिवशी कळत नाही."

त्यानंतर मी जे बोलले ते मला नीट आठवत नाही. वहिनी सांगते, की मी न थांबता बोलत होते आणि चहावर साय आली. मी सासूबाईंची माफी मागितली. सांगितलं, की गिरणीवरच मला कळलं होतं आणि मी गप्प बसले, म्हणून तुमची पंचाईत झाली. मग माझ्या नर्सरीचं सांगितलं. तिथे रोज नाव पुकारल्यावर उभं राहून 'प्रेझेंट' म्हणायचं असायचं. मला ते जमायचं नाही, म्हणून सगळं वर्ष हजर असून माझी गैरहजेरी लागली. ओवीसाठी मला ही जागा हवी आहे, म्हणाले. पाच तारे बघून आलोय, तिथे सगळं आहे. इथे कुणीतरी तिच्याकडे न बघता बसलं. मला त्याची किंमत माहीत आहे.

सासूबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलता येतं की हिला."

"कवाकवा," आत्या म्हणाली.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "प्रवेश देऊ. पण एक अट. गल्लीत सांगायचं, की नकार आमच्याकडून गेला. आमच्या मुलाला कुणी नाकारलं असं व्हायला नको."

"चालेल," वहिनी तत्काळ म्हणाली. (मला विचारलं नाही. ऑडिटमध्ये किरकोळ नुकसान धरूनच चालतात.)

"कारन काय सांगायचा?" आत्याने व्यवहाराचा प्रश्न काढला. "कारन लागतंय. नायतर लोक नको ते लावतात. शिक्षन कमी म्हनावा, तं इंग्लिश मिडियम आरवं येतंय ना मधी."

सगळे विचारात पडले. शेवटी निखिल घसा खाकरून म्हणाला, "मुलगी फार बोलते, असं सांगा."

तेच ठरलं. परत जाताना आत्या गिरणीवर थांबली आणि पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढून सांगितलं, "नाय जमला. पोरगी लय बोलते म्हनाले." गिरणीवाल्याने माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. "थोडं कमी करा ताई," तो म्हणाला.

मी मान डोलावली. माझ्यावर हा आरोप कुणी करेल, अशी आशा मी कधीच सोडून दिली होती. मला आतून इतका आनंद झाला, की मी पावशेर नाचणीचं पीठ घेतलं.

फाटकाची कडी त्याच संध्याकाळी वर गेली. वहिनी व्हिडिओ कॉलवर उंची मोजायला सांगत होती. तारे नसते तर कडीचं कळलंच नसतं, हे तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे. चौकशी नसती तर त्या गल्लीत कोण गेलं असतं, हे आत्याचं म्हणणं, तेही खरं आहे. दोघी अजून भांडतात. मला विचारलं तर मी एवढंच सांगते, की किती तारे मिळाले ते वहिनीसारखं बघावं, आणि न मिळालेल्यांचं कारण तोंडाने विचारावं. निखिलचं आत्याने पनवेलला जमवलं. चौकशी तिने स्वतः केली. मला बरोबर नेलं नाही.

एक तारखेला वहिनी ऑफिसला गेली आणि ओवी नर्सरीत. मॅडमचा एक नियम होता. मूल स्वतःहून 'जा' म्हणेपर्यंत घरातलं एक माणूस वर्गात बसलं पाहिजे. म्हणून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पिवळ्या खुर्चीत बसायला लागले. त्याच आठवड्यात एका सकाळी ओवी वाळूचे हात झटकत आली आणि म्हणाली, "आतू, तू घरी जा. आम्हाला काम आहे."

मी उठले. व्हरांड्यापर्यंत गेले. तिथे पायरीवर जरा बसले. लॅपटॉपची बॅटरी तपासली, ओढणी दोनदा नीट केली, खिडकीतून आत डोकावले. ओवीने एकदाही मागे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही मी पायरीवर बसले. तिसऱ्या दिवशीही. मग मॅडम चहाचा कप घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "ओवी छान रुळली."

"हो," मी म्हणाले. "मी आता निघणारच होते."

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "काही मुलांना जरा जास्त वेळ लागतो."